काचेवरचा चेहरा आणि क्षमेचा प्रश्न

॥ श्रीगुरुदेव ॥

गेल्या गुरुवारच्या सत्संगानंतर इंदूरच्या आपल्या मंडळीत एका प्रश्नावर उशिरापर्यंत बोलणं झालं. प्रश्न निघाला काचेवरून, म्हणून आधी थोडं काचेबद्दल.

आपल्या गटातले एक दादा हातात धरायच्या छोट्या रोटरी मशीननं काचेवर माणसांचे चेहरे कोरतात. जाड पेनासारखं मशीन, पुढे हिऱ्याची बारीक कणी बसवलेलं टोक. काळापांढरा फोटो काचेच्या मागून चिकटवायचा आणि पुढच्या बाजूनं टोक हलकंच टेकवत ठिपके, बारीक रेघा पाडत जायचं. मधूनमधून ओलं बोट फिरवायचं, म्हणजे भुकटी उडत नाही. (घरातली मुलं हे करायला बसणार असतील तर मास्क आणि चष्मा आधी आणा, मशीन नंतर. काचेची भुकटी छातीत जाणं वाईट. वायरच्या मशीनजवळ पाण्याची वाटी ठेवू नका, ओला स्पंज पुरतो. आणि टफन काच घेऊ नका. टोक खोल गेलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो.)

कागदावर पेन्सिल टेकली की काळं उमटतं. काचेवर सगळं उलटं. टोक टेकलं तिथे पांढरं. कपाळावरचा उजेड, नाकाचा शेंडा, पिकलेल्या मिशा हे सारं कोरून येतं. काळे केस, डोळ्यांची बुबुळं, गालाची खळगी, सुरकुतीची रेघ हे कोरायचं नसतं. ते नुसतं सोडायचं. मागे काळं कापड धरलं की सोडलेली जागा आपोआप सावली होते. आणि एकदा पडलेला ठिपका खोडता येत नाही, तिथे रबर चालत नाही.

दादांकडे येणारे लोक बहुतेक गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन येतात. आणि बहुतेकांचं एक मागणं असतं: "बाबांच्या सुरकुत्या जरा कमी करा हो, गालावरचा तो व्रण नको." दादा हसतात. सुरकुती घालवायची तर तिच्या जागी आणखी कोरावं लागतं. व्रण घालवायचा तर आणखी. असं करत करत चेहरा पांढरा होत जातो आणि शेवटी कोणाचाच राहत नाही. एका कुटुंबानं हट्टानं तसं करून घेतलं. घरी नेल्यावर नातवंडं विचारू लागली, हे कोण?

आता मूळ प्रश्न. आपल्याच मंडळीतल्या एका घरानं नव्या वास्तूसाठी घरातल्या गेलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचे चेहरे काचेवर करून घ्यायचं ठरवलं. आजी-आजोबा, थोरले काका, मधले काका. यादीत धाकटे काका नव्हते. त्यांनी भावाची खोटी सही करून दुकानावर कर्ज उचललं होतं. दुकान गेलं, थोरले काका त्या धक्क्यातून उठलेच नाहीत, आणि मोठ्या काकूंनी ब्लाउज शिवून तीन मुलं वाढवली. धाकटे काकाही आता नाहीत. घरातल्या आत्यांनी यादी ऐकली आणि एवढंच विचारलं, "माझा धाकटा भाऊ कुठाय?"

कोणी म्हणालं, ज्यांना नमस्कार करावा त्यांचेच चेहरे भिंतीवर असावेत. कोणी म्हणालं, गुरूंच्या दारात आलो तेव्हा आपलं मागचं कुणी विचारलं का? दोन्ही बोलणी खोटी नाहीत, म्हणून तर रात्र झाली.

आम्हाला तेव्हा इंग्लंडमधली एक गोष्ट आठवली. तिथे डॉर्सेट परगण्यात मोरटन नावाचं खेडं आहे. १९४० साली बॉम्ब पडून तिथल्या चर्चच्या काचा उडाल्या. पुढे लॉरेन्स व्हिसलर या कलावंतानं कित्येक वर्षं खपून तिथल्या खिडक्या पारदर्शक काचेवर कोरून दिल्या. रंग कुठेच नाही, नुसता उजेड. तेराव्या खिडकीसाठी त्यानं ज्यूडास कोरला, ज्यानं तीस नाण्यांसाठी येशूला धरून दिलं तो शिष्य. गळफास घेतलेला, आणि हातातून पडणारी नाणी खाली येता येता फुलं होतात. गावकऱ्यांनी ती खिडकी नको म्हटलं. व्हिसलर २००० साली गेला. खिडकी बसली २०१४ मध्ये, तीही अशा जागी की चर्चच्या आतून दिसत नाही, बाहेर उभं राहूनच बघावी लागते.

ही गोष्ट सांगून कुणी गावकऱ्यांना कठोर म्हणू लागलं तर आमची त्याला साथ नाही. देवळात रोज बसणारे ते, नजर त्यांची. आम्हाला त्यात वेगळं दिसतं. व्हिसलरनं ज्यूडासला साधू केलेलं नाही. दोर आहे, नाणी आहेत. काही झाकलेलं नाही, आणि तरी फुलं आहेत. आपण मात्र क्षमा करायची म्हणजे माणूस उजळवून घ्यायचा असं धरून चालतो. "जाऊ द्या, तसा मनाचा चांगला होता," म्हणतो आणि ज्याचं दुकान गेलं त्याच्या दुःखावरही मशीन फिरवतो. ही क्षमा कसली? ही तर खाडाखोड झाली. जिथे सावली आहे तिथे हात आवरायचा, हे दादांना काचेनं शिकवलं. आपल्याला ते नात्यात जमत नाही. एक तर माणूस भिंतीवरून उतरवतो, नाहीतर पांढराफटक करून टांगतो.

म्हणून आम्हाला वाटतं, धाकट्या काकांचा चेहरा व्हावा. पण जसे होते तसा, ओढलेल्या गालांसकट, ती चुकवणारी नजर तशीच ठेवून. मात्र हे आमचं वाटणं. ज्यांनी मशीनवर पाय मारून वर्षं काढली त्यांना "काकू, आता सोडा" असं सांगायचा अधिकार सत्संगात बसलेल्या कुणालाच नाही, आम्हाला तर नाहीच. क्षमा मागून घेता येत असेल, दुसऱ्याच्या वतीनं देता येत नाही.

आत्या आणि पुतण्या काकूंकडे जाऊन आले. काकूंनी चहा केला, हो-नाही काही बोलल्या नाहीत. फक्त निघताना विचारलं, फोटो कुठला घेणार? पुतण्यानं लग्नातला दाखवला. त्या म्हणाल्या, "हा नको. यात तो हसतोय." मग कपाटातून एक जुना रेशनकार्डाचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि आत निघून गेल्या.

तो फोटो सध्या दादांकडे आहे. काच आणलेली आहे, पेपरात गुंडाळून ठेवली आहे.