हिशेब कोणाला द्यायचा?

उलव्याहून अटल सेतूने मुंबईकडे निघालो, की काही अंतरावर उजव्या हाताला उंच आडोसे लागतात. त्यांच्यापलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. प्रवाशांची नजर तेथे पोहोचू नये, हा त्यांचा हेतू. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु नजर अडवली म्हणजे सुरक्षा साधली का, हा प्रश्न मनात राहतोच.

आमच्या मते सुरक्षेचे मूळ भिंतीपेक्षा वहीत आहे. संशोधन अणुभट्टीतील इंधनाच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो. तो कधी आला, कोठे ठेवला, भट्टीतून कधी काढला याची नोंद करावी लागते आणि ठरावीक मुदतीने प्रत्यक्ष मोजदाद करून वहीशी ताळा घ्यावा लागतो. हा हिशेब वाण्याच्या हिशेबाहून अवघड. कोठारातला गहू गहूच राहतो. भट्टीतले युरेनियम मात्र घटत जाते आणि त्यातूनच प्लुटोनियम निर्माण होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ८ किलो प्लुटोनियम एका बाँबच्या दृष्टीने लक्षणीय मानते. एवढा ऐवज लहानशा पिशवीत मावेल!

कोणी म्हणेल, हा तेथील माणसांवरचा अविश्वास झाला. आम्हांस तसे वाटत नाही. प्रामाणिक खजिनदाराला तपासणीचे भय नसते. उलट तिच्यामुळेच तो बालंटापासून वाचतो. हिशेब सुटला की काय होते, हे २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत दिसले. दिल्ली विद्यापीठातील, वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावातून भंगारात गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. ते कोणी चोरले नव्हते. त्यात काय आहे, याचाच विसर पडला होता.

तरीही चोख वही सर्व प्रश्न सोडवीत नाही. कॅनडाच्या साह्याने उभारलेली सायरस अणुभट्टी १९६० साली शांततामय उपयोगासाठी सुरू झाली. तिच्यातले प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या स्फोटात वापरले गेले. भारताने त्या स्फोटास शांततामय म्हटले. कॅनडाने वचनभंग मानून साह्य थांबवले. येथे चोरी झालीच नव्हती. निर्णय धन्याचा होता. हिशेब 'किती' हे सांगतो, 'कशासाठी' हे सांगत नाही.

सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. १९८५ पासूनच्या 'ध्रुव'मध्ये आंतरराष्ट्रीय निरीक्षक येत नाहीत. २००० साली तर भाभा केंद्राच्या सुरक्षिततेची देखरेखही अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे सोपविण्यात आली. राष्ट्राला काही गुपिते राखावी लागतात, हे आम्ही जाणतो. पण ज्याने वही लिहायची, त्यानेच ती तपासायची, ही रीत आपण साध्या पतपेढीतही चालवून घेत नाही.

खाडीच्या या काठावर राहणाऱ्यांना कोठारात किती माल आहे, हे कळण्याची गरज नाही. तो मोजणाऱ्याहून वेगळा असा कोणी तपासणारा आहे, एवढे कळावे, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. आडोसा शत्रूच्या नजरेपुढे असावा. विश्वस्त आणि ज्यांच्यासाठी तो विश्वस्त झाला ते लोक, यांच्यामध्ये तो असू नये.