थंड प्लगची हौस

स्पार्क प्लग बदलल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. जुन्या वेगवान गाड्यांच्या शौकिनांसमोर हे वाक्य उच्चारलं की सगळे मान डोलावतात, आणि त्यातले निम्मे घरी जाऊन इरिडियमचा नवा सेट मागवतात. प्लग म्हणजे ठिणगी, महाग प्लग म्हणजे मोठी ठिणगी, मोठी ठिणगी म्हणजे जास्त जोर, असा हिशेब मनात नकळत मांडला जातो. धडधाकट प्लगने मिश्रण वेळेवर पेटवलं की त्याचं पेटवण्याचं काम संपलं. उरतो तो उष्णतेचा प्रश्न, आणि निवड करताना डोकं चालवावं लागतं ते तिथेच.

प्लगचं जे पांढरं नाक ज्वलनकक्षात डोकावतं, त्याचं तापमान साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या मध्ये राहावं लागतं. त्याखाली गेलं तर काजळी जळून न जाता साचत राहते. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे फटीतून उडी मारण्याचे कष्ट न घेता ती त्या काळ्या वाटेने निघून जाते. दोन स्ट्रोकच्या स्कूटरच्या डिकीत जास्तीचा प्लग आणि प्लगपाना घेऊन फिरलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. ‘प्लग शॉर्ट झाला’ हे वाक्य तिने रस्त्याच्या कडेला असंख्य वेळा ऐकलं आहे. तापमान वर गेलं तर काम अधिक गंभीर. नाक तापून लाल होतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवून टाकतं. पिस्टन अजून वर चढत असतानाच वरून दाब येतो, आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडायला मग फार वेळ लागत नाही. नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून तो गरम प्लग. आखूड नाकाचा तो थंड. जोरात पळणारं इंजिन दर मिनिटाला जास्त पेट्रोल जाळतं, म्हणून त्याला थंड प्लग लागतो. इथवर सगळं सरळ आहे.

गुंता होतो तो माणसामुळे. १९३० ते १९५० च्या दशकांतल्या ग्रां प्री शर्यतींत मेकॅनिक आधी ‘सॉफ्ट’, म्हणजे गरम, प्लग लावून इंजिन तापवत आणि शर्यत सुरू होण्याआधी ते सगळे काढून ‘हार्ड’ प्लग बसवत. थंड प्लगवर इंजिन धड तापलंच नसतं आणि गरम प्लगवर शर्यत निभली नसती. एका प्लगाने दोन्ही कामं होणार नाहीत, हे त्यांनी मुकाट्याने स्वीकारलं होतं. आज त्याच वंशातली गाडी घेऊन रविवारी सकाळी नाश्त्याला जाणारा मालक मात्र एकाच सेटकडून सगळं मागतो, आणि तो सेट शर्यतीचा असावा असंही त्याला वाटतं.

उदाहरणादाखल १९६०च्या दशकातली अल्फा रोमिओ ज्युलिया घेऊ. १९६२ मध्ये आलेल्या ज्युलियाचं १५७० सीसीचं इंजिन आजही देखणं वाटतं: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, वर दोन कॅमशाफ्ट, अर्धगोलाकार ज्वलनकक्ष आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यात उष्णता वाहून नेण्यासाठी भरलेला सोडियम. त्याच्यासाठी अल्फाने सांगितलेला प्लग होता गोल्डन लॉज २एचएल. मधल्या इलेक्ट्रोडभोवती चार टोकांचं कडं, आणि गॅप कमीजास्त करण्याची सोयच नाही. अल्फावाल्यांच्या जगात या प्लगला जवळजवळ देवत्व आलेलं आहे. जुना शिल्लक साठा शोधून लोक भरपूर पैसे मोजून तो घेतात. चार टोकं म्हणजे चार ठिणग्या, असंही काही जण मानतात. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर पडते. झीज चौघांत वाटली जाते, एवढाच फायदा.

लॉज हे नाव सर ऑलिव्हर लॉज यांच्या घराण्याचं. हर्ट्झच्या लहरींवरचं ज्यांचं लिखाण वाचून जगदीशचंद्र बोस बिनतारी प्रयोगांकडे वळले, तेच हे लॉज. प्लगची कंपनी त्यांच्या मुलांनी काढली. इंग्लंडमधलाच दुसरा मोठा ब्रँड केएलजी, म्हणजे केनेल्म ली गिनेस. हा गृहस्थ स्वतः शर्यती पळवायचा. १९२२ मध्ये ब्रुकलँड्सवर त्याने ताशी १३३.७५ मैलांचा विक्रम केला. बाजारातले प्लग त्याच्या इंजिनांत टिकेनात, तेव्हा त्याने अभ्रकाचं इन्सुलेशन वापरून स्वतःचे प्लग बनवायला घेतले. त्याने आधी आपल्या इंजिनाची अडचण पाहिली आणि मग प्लग घडवला. आपण उलट करतो. प्लगचं नाव आधी ठरवतो आणि इंजिनाने ते मानावं अशी अपेक्षा धरतो.

नंबरांचा घोळ तर विचारूच नका. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. चॅम्पियनचा वाढला की गरम. बॉशने तर स्वतःचीच पद्धत मध्येच उलटी केली: जुन्या आकड्यांत २२५ हा १७५ पेक्षा थंड होता, नव्या आकड्यांत ५ हा ७ पेक्षा थंड आहे. आपल्याकडे बॉशचे प्लग आले ते १९५१ साली बंगळूरात सुरू झालेल्या मायकोच्या नावाने (नाशिकच्या मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्यांना ते नाव अजून तोंडपाठ आहे), तेव्हा एखाद्या जुन्या गॅरेजच्या फळीवर दोन्ही पद्धतींचे खोके शेजारी शेजारी सापडणं अशक्य नाही. एका कंपनीचा आकडा डोक्यात ठेवून दुसरीचा ‘एक नंबर थंड’ प्लग मागणारा माणूस नेमका उलटा प्लग घेऊन परततो. मोटारींइतक्या मोजूनमापून चालणाऱ्या धंद्यात शंभर वर्षांनंतरही एवढ्या साध्या गोष्टीवर एकमत होऊ नये, याची मला गंमतही वाटते आणि चीडही येते.

तरीही नंबरांपेक्षा मोठी अडचण मॅन्युअलवरच्या श्रद्धेची आहे. मॅन्युअलमध्ये छापलंय म्हणून तोच प्लग, हे ऐकायला निष्ठेचं वाटतं. पण ते पान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिसं मिसळलेलं पेट्रोल होतं, त्या काळचं ऑइल होतं, आणि मिलानहून मोडेनाकडे तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सुसाट निघालेला चालक होता. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, आणि इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येत असल्याने कार्बोरेटरची जुनी जेट त्यावर मिश्रण पातळ करतात. चालक तर पार बदलला. ज्या गाडीने सहा हजार आरपीएम रोज पाहायचे, ती आता रॅलीत झेंडा दाखवल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मिरवत जाते. अशा गाडीला शर्यतीचा थंड प्लग लावला, तर तो पहिल्या दोन सिग्नलनाच काळा पडतो. छापील नंबरामागे एक कारण होतं. कारण बदललं असेल, तर त्या नंबराला चिकटून राहणं म्हणजे मॅन्युअल लिहिणाऱ्या इंजिनिअरचाच अपमान आहे, असं मला वाटतं.

मधला मार्ग इंजिनिअरांनी फार पूर्वीच काढून ठेवलाय. एनजीकेच्या नावातला ‘पी’ आणि चॅम्पियनच्या नावातला ‘वाय’ सांगतात की या प्लगचं नाक थोडं पुढे काढलेलं आहे. हळू चालताना ते ज्वाळेत लवकर तापतं आणि काजळी जाळतं. वेगात आत येणारं ताजं मिश्रण त्याला निववतं. मिनी कूपर एसचा एन९वाय याच जातीचा. फक्त उंच डोक्याचे शर्यतीचे पिस्टन बसवले असतील, तर ते नाक पिस्टनला लागत नाही ना, हे आधी तपासायचं. इरिडियमचं बारीक टोक कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी देतं, म्हणून अशक्त कॉइलला त्याचा आधार होतो. पण दाट मिश्रणाच्या जुन्या इंजिनात ते माखलं की तारेच्या ब्रशने घासता येत नाही, आणि मग महागाचा प्लग सरळ कचऱ्यात.

रस्त्यावरच्या ज्युलियाला मी एनजीके बीपी७ईएसने सुरुवात करीन, आणि गाडी शहरातच फिरणार असेल तर बीपी६ईएसवर येईन. लॉजचा जुना सेट प्रदर्शनाच्या दिवसापुरता बसवावा, त्याला माझी हरकत नाही.

त्यानंतर प्लग वाचायचे. चढावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा, तिथेच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, गाडी कडेला घेऊन प्लग काढायचे. शिशाच्या काळातला तो प्रसिद्ध बदामी रंग आता शोधू नये. आजच्या पेट्रोलवर पांढरं नाक बरंच पांढरंच राहतं. आत, जिथे ते कवचात शिरतं, तिथल्या कड्यावर मिश्रणाचा रंग पाहावा, आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडवर उष्णतेने रंग कुठवर बदललाय ते पाहावं. चारही प्लग काळे असतील तर आधी कार्बोरेटर तपासा. तोवर गरम प्लग लावून दोष झाकू नका. तीन स्वच्छ आणि एकच ओला, तेलकट निघाला, तर तो प्लग पुसून परत लावा आणि त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह गाइड आणि रिंगा उघडून बघा.