प्राणवायू आणि विवेक

ग्लायडर म्हणजे एंजिनावाचून वाऱ्याच्या आधाराने तरंगणारे विमान. पर्वतावरून उसळणाऱ्या वायुलहरींवर आरूढ होऊन 1961 साली पॉल बिकल याने कॅलिफोर्नियात 46,000 फुटांहून अधिक उंची गाठली. इतक्या उंचीवर प्राणवायूची नळी हवी, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते त्याखालच्या उंचीविषयी. अमेरिकेतील नियमाप्रमाणे 12,500 फुटांवर अर्ध्या तासाहून अधिक काळ राहणाऱ्या, आणि 14,000 फुटांवर जाणाऱ्या प्रत्येक वैमानिकाने प्राणवायू घेतलाच पाहिजे. आपले शरीर आपण ओळखतो, जडपणा जाणवला की नळी लावू, असे म्हणणारे अनुभवी चालक मात्र आढळतात.

हे म्हणणे प्रथमदर्शनी रास्त वाटते. सर्वांची सहनशक्ती सारखी नसते, हेही खरे. परंतु जीव गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायॉक्साइडमुळे होते, आणि विरळ हवेत तो तर बाहेर पडतच असतो. त्यामुळे प्राणवायूच्या उणिवेचा घाला मुकाट्याने पडतो, आणि तोही विवेकावर. 1875 साली ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे फ्रेंच गृहस्थ आकाशात चढले. प्राणवायू जवळच होता; पण नळी धरावी म्हटले तरी तिसांदिएचा हात उचलेना. त्याचे दोघे सोबती मरण पावले. त्या वेळी आपणांस क्लेश न होता उलट अंतरी आनंदच वाटत होता, असे त्याने पुढे लिहून ठेवले. मद्य चढले की नाही, हे मद्यप्यासच विचारावे, तशातला हा प्रकार!

कोणी म्हणेल, स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार मनुष्यास नाही काय? सोबती वा खालची वस्ती संकटात येत नसेल, तर तो आहे, असे आम्हीही मानतो. परंतु धोका पत्करावयास पत्करणारा शुद्धीवर असावा लागतो. उंचीवर ज्याची सारासारबुद्धी मंदावली, त्याच्या निर्भयतेस धैर्य म्हणता येत नाही. कारण भयाचे मोजमाप करणारे मनच तेथे उरलेले नसते.

म्हणून नळी केव्हा लावावी याचा निर्णय जमिनीवर, सावध मनाने व्हावा, आणि वर गेल्यावर तो प्रश्न पुन्हा उपस्थित करू नये, असे आमचे मत आहे. कोणास 12,500 हा आकडा कडक वाटेल, कोणास सैल. त्याविषयी वाद अवश्य करावा. मात्र तो खाली, पुरेशा हवेत करावा.