मैदान कोणाचं?

डोंबिवलीतल्या आम्हा कबड्डीवाल्यांसाठी ॲप काढायचं ठरलंय. सराव, सामने, गुण, सगळं मोबाइलवर. घोडं अडलंय पैशापाशी. गुंतवणूकदार हिस्सा मागतो, त्यात मला पाप दिसत नाही. पण एकाने चहा संपायच्या आत विचारलं, ‘‘पोरांची माहिती विकता येईल ना?’’ म्हणजे वय, वजन, कोणाचा गुडघा गेलाय ते. 2023 चा माहिती-संरक्षण कायदा अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती मागतो. ती मिळेलही, पालक न वाचताच सही करतात. पण भरवशाने हाती आलेलं माझं होतं का?

तुकोबांच्या घरी सावकारी होती. परंपरा सांगते, त्यांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला दिली. सगळे बुडवण्याचंच कौतुक करतात. मला ती वाटणी मोठी वाटते. त्याग आपल्या हक्काचाच करता येतो. नफा मी सोडीन, पोरांचा गुडघा विकायला माझा नाही. निष्काम कर्मही स्वतःपुरतंच; प्रोग्रामरला महिनाअखेरीस गीता ऐकवून भागत नाही.

म्हणून आता संघांकडून वर्गणी, गणपती मंडळासारखी पावती फाडून. कल्याणच्या एका संघाने लगेच विचारलं, ‘‘हिशेब कोण तपासणार?’’