अन्नाचा नकार आणि नाव देण्याचा अधिकार

जयपूरच्या दक्षिण भागात, टोंक रस्त्यालगत, दुर्गापुरा ही वस्ती आहे. तेथील कृषी संशोधन संस्थेत गहू आणि जव यांच्या वाणांचा अभ्यास चालतो. ‘राज ३०७७’ हा गव्हाचा वाण तेथलाच. दाण्याचा आकार, ओंबीची घडण, तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती अशा लक्षणांवरून वाण निराळा काढावयाचा आणि त्याला नाव द्यावयाचे, ही तेथील रीत. या वर्गीकरणात चूक झाली तर ती पुढे दुरुस्त करता येते. गव्हाला आपल्या नावाचे सोयरसुतक नसते. याच शहरात १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने एक निराळे वर्गीकरण केले. जैन परंपरेतील संथारा अथवा सल्लेखना हे व्रत त्याने आत्महत्येच्या सदरात घातले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. धान्याचे वर्गीकरण आणि धान्य नाकारणाऱ्या माणसाचे वर्गीकरण यांत जे अंतर आहे, तोच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

न खाण्याच्या कृतीला मराठीत एक नाव नाही, अनेक आहेत. वैद्याच्या सल्ल्याने केलेले ते लंघन, देवाच्या नावाने केलेला तो उपवास, सत्तेला जाब विचारण्यासाठी केलेले ते उपोषण, दारिद्र्याने लादलेली ती उपासमार आणि मृत्यूला सामोरे जाण्यासाठी स्वीकारलेले ते प्रायोपवेशन. देहावर होणारा परिणाम सर्वत्र सारखाच; भाषा मात्र हेतूवरून भेद करते. आयुर्वेदानेही अरोचकाच्या कारणांत शोक, भय आणि क्रोध यांची गणना केली आहे. म्हणजे अन्नावरची वासना उडण्याचे मूळ मनात असू शकते, ही जाणीव येथे परकी नव्हती.

युरोपात या जाणिवेला रोगाचे स्वतंत्र नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. १८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी अन्न नाकारून कृश होत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णने मांडली. गल यांनी रूढ केलेली ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ ही संज्ञा टिकून राहिली. शब्दशः तिचा अर्थ भूक नसणे असा होतो. वस्तुतः या रुग्णांना भूक लागते आणि त्या भुकेशीच त्यांचे युद्ध चालू असते. एका चुकीच्या नावाखाली दीड शतक एक खरे दुःख वावरत आले आहे. ते दुःख किती खरे आहे हे सांगावयाचे तर, मानसिक आजारांपैकी सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या आजारांत याची गणना होते.

पुढे लठ्ठपणाचे भय हे या आजाराचे गाभ्याचे लक्षण ठरले. तथापि नव्वदीच्या सुमारास हाँगकाँगमधील मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी अशा रुग्णांकडे लक्ष वेधले, की ज्यांना लठ्ठ होण्याचे भय नव्हते. पोट भरल्यासारखे वाटते, खावेसे वाटत नाही, एवढेच त्या सांगत. १९९५ साली खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या भारतीय तज्ज्ञांनी पाच तरुणींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अन्नास नकार, वांत्या, वजनातील मोठी घट ही लक्षणे त्यांच्या ठायी होती. पाश्चात्त्य ग्रंथांतील देहप्रतिमेचा विपर्यास मात्र नव्हता. अशा वेळी संशोधकापुढे दोन मार्ग असतात. रुग्णाने चौकटीत बसावे असा आग्रह धरणे, अथवा चौकट तपासून पाहणे. पहिल्या मार्गाने शास्त्राची शिस्त राखल्याचे समाधान मिळते. पण समोरची मुलगी सदराबाहेर, म्हणून उपचाराबाहेर राहण्याचा धोका उरतो.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. तीत मासिक पाळी थांबण्याची अट वगळली गेली, भय बोलून दाखवण्याची अट सैल झाली. आणि नैतिक दृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण बदल म्हणजे योग्य वजन राखण्यास ‘नकार’ हा शब्दच काढून टाकण्यात आला. नकार म्हटले की हेतू आला, हेतूबरोबर दोष आला. आजारी माणसावर हट्टाचा आरोप करणारा शब्द निदानात का असावा, हा प्रश्न शास्त्राचा तेवढाच नीतीचाही आहे. मात्र हेतू वगळताच दुसरी अडचण उभी राहते. केवळ वजन आणि दिवस मोजले तर व्रतस्थ, सत्याग्रही आणि रुग्ण यांत भेद उरत नाही. १९६६ मध्ये सावरकरांनी अन्न आणि औषध सोडले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार आश्रमात विनोबांनी तेच केले. आत्महत्या आणि आत्मार्पण हा भेद सावरकरांनी स्वतः मांडला होता. इरोम शर्मिला यांनी २००० ते २०१६ अन्न नाकारले. राज्यसंस्थेने त्यांना आत्महत्येच्या प्रयत्नाच्या कलमाखाली अडकवून नाकावाटे अन्न दिले. प्रत्येक वेळी वाद उपवासाविषयी कमी आणि त्याला नाव कोणी द्यावयाचे याविषयी अधिक होता.

परंपरा या बाबतीत भोळी होती असे मानण्याचे कारण नाही. जैन आचार्यांनी सल्लेखनेचे अतिचार, म्हणजे तिला दूषित करणारे दोष, पाच सांगितले. जगण्याची आसक्ती हा जसा एक दोष, तशी मरणाची आसक्ती हाही दोषच. मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांचे स्मरण आणि पुढील जन्मीच्या फळाची अपेक्षा हे उरलेले तीन. दुष्काळ, जरा, असाध्य व्याधी अशा निरुपाय प्रसंगांपुरतीच तिची अनुज्ञा आहे. हीही एक निदानपद्धतीच होय आणि ती हेतूच्या तपासणीवर उभी आहे. प्रश्न एवढाच की, ही तपासणी प्रत्यक्षात होते का?

येथे व्रत आणि व्याधी यांतील एक भेद उपयोगी पडतो. उपवासाला पारणे असते, व्याधीला नसते. सल्लेखनेला पारणे नाही हे खरे, परंतु तिलाही गुरूची संमती लागते आणि गुरूला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. व्याधी मात्र लपून राहते आणि प्रश्न टाळते. तरीही हा भेद सर्वत्र निर्वाळा देत नाही. उपवासाचा गौरव सुरू झाला, आप्तेष्ट दर्शनाला येऊ लागले, की पारणे करणे लाजिरवाणे होते. परतण्याची वाट अशी बंद झाली, तर व्रताचे नाव कायम राहूनही त्यातील स्वातंत्र्य संपलेले असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्ट केले आहे की, समाजाच्या नैतिक वा धार्मिक मूल्यांशी विसंगत वागणे हा मानसिक आजाराच्या निश्चितीचा आधार होऊ शकत नाही. ही तरतूद मोलाची आहे. बंडखोराला वेडा ठरवण्याची सोय तिने काढून घेतली. पण समाजमूल्यांशी पूर्णतः सुसंगत वागत झिजत जाणाऱ्या मुलीचे काय? तिचा संयम घरात कौतुकाचा विषय असतो. तिचे दुःख कोणत्याही संकेताचा भंग करीत नाही, म्हणूनच ते कोणाच्या नजरेस येत नाही.

कॅनडाचे तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी दाखवून दिले की, माणसे आपल्याला मिळालेल्या नावाला प्रतिसाद देतात, त्यानुसार बदलतात आणि मग ते नावही बदलावे लागते. म्हणून नाव देऊच नये असा निष्कर्ष काढणे सोपे, पण क्रूर ठरेल. निनावी दुःखाला उपचार मिळत नाही. नाव द्यावे, परंतु ज्याला ते दिले त्याचे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवूनच द्यावे. दुर्गापुऱ्यातील गव्हाला असे उत्तर देता येत नाही. अन्नाचे ताट दूर सारणाऱ्या माणसाला ते देता येते. मात्र न्यायालय, धर्मपीठ, वैद्य आणि घर यांपैकी कोणीतरी त्याला आधी विचारावे लागते.