दमयंतीचा फैसला

विदर्भराज भीमाची कन्या दमयंती हिच्या स्वयंवरास इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार लोकपाल उमेदवार म्हणून आले होते, ही वनपर्वातील कथा वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु देवत्व आणि मनुष्यत्व यांपैकी अधिक मोलाचे कोणते, हा जो प्रश्न त्या कथेने आपल्या पोटात वागविला आहे, त्याकडे कथेकऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. हे स्वयंवर ज्या कुंडिनपुरात झाले ते म्हणजे वर्धा नदीच्या काठचे, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील आजचे कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६८ साली छापून निघाला आणि त्या वस्तीची प्राचीनता निर्विवाद ठरली; दमयंतीचा पुरावा मातीतून निघावयाचा नव्हताच, आणि तो तसा निघण्याची गरजही नव्हती.

मंडपात दमयंतीने पाहिले तो पाच नल एका ओळीत उभे. तिने मनाने वरलेल्या नल राजाचे रूप चौघा देवांनी घेतले होते. त्याआधी त्याच नलाला आपला दूत करून, देवांपैकी एकास वर असा निरोप घेऊन, त्यांनी तिच्याकडे धाडलेही होते. सत्याची आण घालून तिने देवांना आपली खूण प्रकट करण्यास भाग पाडले, तेव्हा जो भेद तिच्या दृष्टीस पडला तो विचारात घेण्यासारखा आहे. देवांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, त्यांच्या माळा टवटवीत होत्या, अंगावर धूळ नव्हती आणि पाय भूमीला टेकले नव्हते. नलाला मात्र सावली होती, त्याची माळ कोमेजलेली होती, तो धुळीने माखलेला, घामाघूम आणि पापण्या मिटणारा असा जमिनीवर उभा होता. ज्या लक्षणांना आपण एरवी मनुष्याची उणीव समजतो त्याच लक्षणांच्या आधारे तिने आपला वर ओळखला आणि त्या कोमेजलेल्या माळेवर आपली ताजी माळ चढविली. वैशाखातल्या भर दुपारी अकोल्याच्या रस्त्याने जो पायी चालला असेल, त्याला घाम हे मनुष्यत्वाचे लक्षण मानण्यास व्यासांची साक्ष काढावी लागणार नाही. देवांनीही आपली हार मोठ्या मनाने पत्करली आणि प्रत्येकी दोन असे आठ वर नलाला देऊन ते स्वर्गी परतले. (त्यांतील इंद्राच्या राजधानीचे नाव आज वऱ्हाडातीलच एक नगर मिरविते, ही गोष्ट दमयंतीला कशी वाटली असती कोण जाणे.)

हाच खटला प्राचीन ग्रीकांच्या देशात प्रत्यक्ष देवराजापुढे चालला. ईटोलिया प्रांतातील ईव्हेनसची कन्या मार्पेसा हिला इडास नावाच्या मर्त्य वीराने समुद्रदेव पोसायडनने दिलेल्या पंखांच्या रथातून पळविले; तिच्यावर अपोलोचाही डोळा होता, तो आडवा आला, आणि इडासने देवावर धनुष्य उचलण्याचे साहस केले, ज्याचा उल्लेख होमरने इलियडच्या नवव्या सर्गात केला आहे. शेवटी झ्यूसने मध्ये पडून निवाडा कन्येवरच सोपविला, आणि तिने इडासला वरले. कारण एवढेच की, आपले तारुण्य ओसरले म्हणजे अपोलो आपणास टाकील अशी तिला भीती होती. ऑलिंपिया येथे किप्सेलसच्या नावाने दाखविली जाणारी एक देवदारी पेटी पॉसानियस या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पाहिली होती; इडास मार्पेसेला मंदिरातून परत नेत आहे आणि ती राजीखुशीने जात आहे, असा देखावा तीवर कोरलेला होता.

आता ही कथा कोणी कोणाकडून उचलली, अशी चौकशी पुष्कळांना सुचेल. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतून निघालेली पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ती तेथील संग्रहालयात आहे, तेव्हा येणेजाणे होते यात संशय नाही. परंतु दोन निरनिराळ्या देशांतील दोन मुलींना एकच शहाणपण सुचण्यासाठी त्यांपैकी एकीने दुसरीची नक्कल करावयास हवी, असे मला वाटत नाही.

मार्पेसेचे कारण व्यवहारी आहे खरे. पण त्याच्या बुडाशी ग्रीक देवकल्पनेतील एक मूलभूत गोष्ट आहे. ग्रीकांचे देव अमर खरे, पण सर्वसमर्थ नव्हेत. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून अनुक्रमे आकाश, समुद्र आणि पाताळ यांची वाटणी करून घेतली आणि पृथ्वी व ऑलिंपस सामाईक ठेवले, असे इलियडच्या पंधराव्या सर्गात पोसायडन स्वतः सांगतो. आणि ते वाचताना आपल्याकडील देशपांडे-देशमुखांच्या जुन्या वाटणीपत्रांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. देव हा वतनदार आहे: त्याची हद्द ठरलेली, त्याचे हक्क ठरलेले, आणि वतन सोडून दुसरे काही होण्याची त्याला मुभा नाही. स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ घेऊन जो देव ती मोडील तो वर्षभर श्वासाविना पडून राहतो आणि पुढील नऊ वर्षे देवांच्या सभेतून व पंक्तीतून बाद होतो, असा दंडक हेसिअडने नोंदविला आहे. दैववाटा, जिला ते मोइरा म्हणत, तिच्यापुढे खुद्द झ्यूसचेही चालत नाही. त्याचा मुलगा सार्पेडॉन पट्रोक्लसच्या हातून मरणार हे दिसत असता त्याला वाचवावे असे त्याच्या मनात आले, पण तू असे केलेस तर प्रत्येक देव आपापल्या मुलासाठी हेच मागेल, असा हेराने आक्षेप घेताच त्रैलोक्याच्या या धन्याला रक्ताचे थेंब पृथ्वीवर वर्षविण्यापलीकडे काही करता आले नाही.

आणि अमरत्व तरी कसे? अरुणोदयाची देवता ईओस हिने ट्रॉयच्या टिथोनसवर लुब्ध होऊन त्याला उचलून नेले आणि झ्यूसकडे त्याच्यासाठी अमरत्व मागितले; तारुण्य मागावयाचे मात्र ती विसरली. तो म्हातारा होत गेला, झिजत गेला, मरण काही येईना, तेव्हा देवीने त्याला एका खोलीत घालून दारे बंद केली. आतून त्याचा आवाज तेवढा अखंड येत राहिला. उत्तरकालीन कथाकारांनी दया येऊन त्याचा रातकिडा केला. ईओसची बहीण शोभावी अशी आपली उषा ऋग्वेदात स्वतः नित्य नवी राहून मर्त्यांचे आयुष्य झिजवीत जाते, आणि त्याच ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९व्या सूक्तात लोपामुद्रा, जिला महाभारत विदर्भराजाची कन्या म्हणते, आपल्या तपस्वी पतीला, अगस्त्याला, आठवण देते की, एकामागून एक येणाऱ्या उषा आपल्याला जरा आणीत आहेत आणि जरा ही शरीराची शोभा हरण करते. मात्र तिच्या बोलण्यात टिथोनससारखे रडगाणे नाही. वेळ थोडा आहे म्हणूनच तो आता जगला पाहिजे, हा तिचा आग्रह आहे. ज्याच्यापाशी अनंत काळ आहे त्याला हा आग्रह धरताच येत नाही. अगस्त्याला तो पटला, याचेही श्रेय त्या ऋषीस दिले पाहिजे.

विदर्भाच्या तिसऱ्या राजकन्येची गोष्ट याहून कठोर आहे. कालिदासाची इंदुमती उद्यानात पतीबरोबर असता आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरील दिव्य फुलांची माळ तिच्या उरावर पडली आणि ती तत्काळ गतप्राण झाली. न कोमेजणाऱ्या फुलांचा तेवढा स्पर्श मर्त्य देहाला पुरे झाला. थीब्सच्या सेमेलेने झ्यूसला त्याच्या खऱ्या स्वरूपात पाहण्याचा हट्ट धरला आणि ती त्याच्या विजेत जळून गेली, त्याच जातीचा हा प्रसंग आहे.

येथवर वाचून कोणी मला विचारील की, मार्पेसेने मनुष्याला वरले ते तो टाकणार नाही म्हणून; मग दमयंतीच्या मनुष्याने काय केले? प्रश्न रास्त आहे. बारा वर्षांनंतर एकदा पाय न धुता नल संध्येस बसला, तेवढ्या फटीतून कली त्याच्या अंगात शिरला. द्यूतात राज्य गेले, आणि रानात झोपलेल्या पत्नीचे अर्धे वस्त्र कापून घेऊन तो मध्यरात्री निघून गेला. देवाने टाकले असते त्याहून हे अधिक निर्दय आहे, कारण तिने त्याच्यासाठी चार देव नाकारले होते. परंतु माझ्या मते कथेचा खरा अर्थ येथूनच पुढे सुरू होतो. नल जातो, परत येऊन पाहतो, पुन्हा जातो. बाहुक नावाचा विद्रूप सारथी होऊन ऋतुपर्ण राजाच्या चाकरीत राहतो. दमयंती दुसऱ्या स्वयंवराचे नाटक रचते तेव्हा एका दिवसात रथ कुंडिनपुरास आणतो, आणि वाटेत बेहड्याच्या झाडाची फळे मोजता मोजता अक्षविद्या शिकतो, तोच कली त्याच्या अंगातून ओकारीसारखा बाहेर पडून त्या झाडात शिरतो. (मेळघाटात बेहडा विपुल आहे, त्याच्याच फळांचे फासे होत, हे कथाकाराला चांगले माहीत होते.) ज्याने टाकले तोच पश्चात्ताप करून परततो, ही गोष्ट अपोलोच्या चरित्रात कोठे आहे? डॅफ्नीचा लॉरेल वृक्ष झाला तेव्हा त्याने तिच्या पानांचा मुकुट केला. तो हळहळला, पण पालटला नाही.

देव पालटत नाही, मनुष्य पालटू शकतो, हा विचार शास्त्राच्या भाषेत मांडण्याचे काम वऱ्हाडातच झाले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे पीठ. त्या पंथाच्या सिद्धांतानुसार पदार्थ चार: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. प्रपंच अनित्य आहे, परमेश्वर नित्यमुक्त आहे, देवता नित्यबद्ध आहेत आणि जीव बद्धमुक्त आहे. म्हणजे आज बांधलेला असला तरी सुटण्यास पात्र. देवतांची गणती एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष आणि दहा अशी दिलेली असून त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रत्येक देवता आपापल्या पायरीचे फळ ठराविक मुदतीपुरते देते आणि मुदत संपली की जीव पुन्हा खाली येतो. ती स्वतः कोठेही जात नाही. ग्रीक कवींनी कथेतून जे दाखविले, ते रिद्धपूरच्या आचार्यांनी सूत्रातून सांगितले, असे मी म्हटले असते. पण एक मोठा फरक मध्ये उभा आहे. ओडिसीमध्ये कॅलिप्सो अमरत्व देऊ करते आणि ओडिसियस ते नाकारून म्हाताऱ्या होत जाणाऱ्या पत्नीकडे निघतो. तथापि त्याच काव्यात मृतांच्या लोकी भेटलेला अकिलीस म्हणतो की, येथे राजा होण्यापेक्षा वर एखाद्या गरिबाच्या शेतावर सालदार म्हणून राबणे बरे. ग्रीक मनुष्यापाशी फक्त त्याचे दिवस होते, पलीकडे सावल्यांचे राज्य. महानुभावाच्या मनुष्यापाशी सुटकेचा दरवाजा आहे, आणि तो देवतांना बंद आहे. म्हणून दमयंतीच्या निवडीला ग्रीसमध्ये जो अर्थ मिळतो त्याहून येथे तो अधिक खोल होतो.

रुक्मिणीचे काय, हा आक्षेप शेवटी येणारच. तीही कुंडिनपूरचीच, अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास आली असता तिचे हरण झाले असे लोक सांगतात, आणि दर आषाढीस कौंडण्यपूरहून तिची पालखी पंढरीस जाते. तिने तर देवालाच वरले. एकनाथांनी शके १४९३ मध्ये तिच्या स्वयंवरावर काव्य रचले, त्याआधी महानुभाव कवी नरेंद्रानेही; दमयंतीच्या वाट्याला पुढे रघुनाथ पंडित आला. परंतु महानुभावाला विचाराल तर तो म्हणेल की कृष्ण देवता नव्हे. तो पाच कृष्णांपैकी एक, मनुष्यदेह घेतलेला परमेश्वर. महाभारतही सांगते की हा कृष्ण प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने, पायाला लागून, गेला. इंद्राला असे मरण कोणी देऊ शकत नाही. त्या पाचांतला आणखी एक गोविंदप्रभू. रिद्धपुरात लहर लागेल तसा हिंडत असे, घरोघरी शिरून खात असे, रागावत असे. भक्तांनी एकदा त्याच्या लग्नाचा सोहळा मांडला तेव्हा महानुभाव कवयित्री महदाइसेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले, आणि समोर बसलेल्या त्या मनुष्याला उद्देशून ते म्हणण्यात तिला काही विसंगत वाटले नाही.