गुडघा आणि अभ्यास

गुडघ्याचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली, की मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच क्षीण होतात. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलणे, हाच आरंभीचा व्यायाम. मांडी घालून भाषांतर करणाऱ्या मला तो क्षुद्र वाटला. ‘नश्वर देहाचे एवढे लाड कशाला?’ असे म्हणून मी तो टाळला. ते वैराग्य नव्हे, आळस होता. पुढे घाईने अधिक वजन उचलले आणि गुडघा सुजला, ती फलासक्ती. नवा बंध दृढ होण्यास 9 महिन्यांहून अधिक काळ लागतो. गीतेच्या 6व्या अध्यायात मनोनिग्रहासाठी अभ्यास व वैराग्य ही साधने एकत्रच सांगितली आहेत, ती का, हे तेव्हा उमगले. पुन्हा मांडी घालता येईल की नाही, हे माझ्या अधीन नाही. आजची आवर्तने मात्र आहेत.